टपावरचा पोचा

पत्रेकाका तोवरच्या आयुष्यात छपरावरून शिडीशिवाय एकदाच खाली आले होते, आणि ते पडले की त्यांनी उडी मारली यावरून त्यांच्या घरात सत्तेचाळीस वर्षं वाद चालू होता.

काकांचा धंदा पत्रे ठोकण्याचा. गोठे, गोदामं, कारखान्यांच्या शेड, शाळांच्या पडव्या, जिथे पत्रा तिथे काका. त्यांचं खरं नाव आईच्या मागे कुणी घेतलंच नाही. चोवीस वर्षांचे असताना ते एका शेतकऱ्याच्या शेडवर नवे पत्रे घालत होते आणि खाली त्या शेतकऱ्याची थोरली मुलगी ट्रॅक्टर मागे घेत होती. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात मक्याचं कणीस, मान मागे वळवलेली आणि तोंडाने शीळ. पुढच्या क्षणी काका ट्रॅक्टरच्या केबिनवर बसलेले होते. टपाला परातीएवढा पोचा पडला होता आणि काका वरून सांगत होते, "काही नाही झालं."

काकांचं म्हणणं असं की ट्रॅक्टर खांबावर आदळणार होता, म्हणून जिवावर उदार होऊन त्यांनी उडी मारली आणि मुलीला सावध केलं. मुलीचं म्हणणं असं की खांब चांगला दहा हात लांब होता आणि हा गडी आपल्याकडे बघता बघता घसरला. या मुलीशी काकांचं वर्षाच्या आत लग्न झालं, ती काकू झाली, पण म्हणणं तेच राहिलं. "पडलो तरी नाक वर," असं काकू चारचौघांत म्हणायच्या आणि काका खरोखरच नाक वर करून बसायचे. साक्षीदार एकच होती, काकूंची धाकटी बहीण, त्या वेळी आठ वर्षांची. तिला ज्याच्याकडून काही हवं असेल त्याच्या बाजूने ती साक्ष द्यायची. त्यामुळे निकाल काही लागत नव्हता.

वडिलांच्या पश्चात ट्रॅक्टर काकूंकडे आला. त्यावर त्यांनी तीस हंगाम काढले. मग नवा घेतला, जुना शेडमध्ये मागच्या भिंतीला लागला, आणि त्याची केबिन बहिणीने कोंबड्यांसाठी मागून नेली. पंधरा वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही.

यंदा डॉक्टरांनी काकूंचा डावा गुडघा बदलायचं ठरवलं. तारीख तीन महिन्यांनंतरची, सोमवारची मिळाली. काकूंनी पहिला प्रश्न विचारला तो क्लचचा. डॉक्टर म्हणाले, जुन्या ट्रॅक्टरचा क्लच म्हणजे माणसाने उभं राहून दाबायची वस्तू, ऑपरेशननंतर त्याचं नाव काढायचं नाही. काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, रविवारी, बाजाराच्या मैदानात जुन्या यंत्रांचं प्रदर्शन होतं.

"बाबांचा ट्रॅक्टर मी तिथवर स्वतः चालवत नेणार," त्या म्हणाल्या. "त्याच्या स्वतःच्या केबिनसकट. एकदाच. मग काय कापायचं ते कापू देत."

झालं, दोघं कामाला लागले. वाटणी सोपी होती: इंजिन काकूंचं, पत्रा काकांचा. काकूंनी एअर फिल्टर उघडला तर आत उंदराने बाळंतपणाची जय्यत तयारी करून ठेवलेली. पिस्टन जाम होता. आठ दिवस त्यात तेल ओतून ठेवलं, रोज सकाळी पान्याला लांब पाइप लावून काकू जोर करायच्या, आणि काका बाजूला उभे राहून जोर कसा करावा हे सांगायचे. नवव्या दिवशी ठक् असा आवाज आला, इंजिन बोटभर फिरलं, आणि काकू पाइपसकट काकांच्या अंगावर आल्या. दोघं जमिनीवर बसून हसले ते इतके, की शेजारीण काय झालं म्हणून कुंपणाशी आली आणि काही कळलं नाही तरी हसून गेली.

रंगावरून चार दिवस अबोला झाला. काकांना मूळ रंग लालभडक आठवत होता, काकूंना नारिंगी. शेवटी काकांनी सीटखालची लोखंडी पट्टी खोलली आणि खालचा ऊन न लागलेला पत्रा पुसला. रंग बरोबर दोन्हींच्या मधला निघाला. आपणच जिंकलो असं समजून दोघांनीही चहा ठेवला, त्या दिवशी घरात दोन भांडी चहा झाला.

मग राहिली केबिन. मेहुणी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. "भाऊजी, केबिन न्या की," ती म्हणाली, "पण माझ्या अकरा जणी राहणार कुठं?" काकांनी कोंबड्यांसाठी खुराडं बांधलं. मेहुणीने वरचा मजला मागितला. तोही चढवला. मग पन्हळ मागितली, खिडक्या मागितल्या. खुराड्याला काकांच्या स्वतःच्या घरापेक्षा चांगलं छप्पर झालं, तेव्हा कुठे केबिन ट्रॉलीवर चढली. पण कोंबड्यांना हे सांगायचं कुणी? दोन दिवस त्या ओळीने येऊन ट्रॉलीवर चढायच्या आणि केबिनमध्ये बसायच्या. एक तर केबिनबरोबर घरापर्यंत आली आणि वाटेत चालकाच्या जागी अंडं घालून मोकळी झाली. काकूंनी ते अंडं शुभ मानलं आणि खाल्लं.

केबिन घासली, सडलेले कोपरे कापून नवा पत्रा जोडला, काचा बसवल्या. प्रदर्शनाला आठवडा राहिला. आता टप तेवढा रंगवायचा होता, आणि त्यावर तो पोचा होता.

बुधवारी आणि गुरुवारी काकू तपासण्यांसाठी दिवसभर दवाखान्यात होत्या, बहीण बरोबर होती. काका एकटेच केबिनकडे बघत बसले. चार गावांचे पत्रे सरळ करणारा माणूस, आणि घरच्या टपाला परातीएवढा पोचा! लोक काय म्हणतील? आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. पोचा गेला की सत्तेचाळीस वर्षांचा पुरावाही जाणार होता.

ते आत शिरले, लाकडी ठोकळा आणि हातोडी घेऊन आडव्या टाकलेल्या उंच फळीवर उताणे झोपले आणि टपाला खालून बारीक ठोके देत राहिले. जोरात मारलं तर पत्रा ताणतो, म्हणून कडेकडेने, गोल गोल, अख्खा बुधवार. गुरुवारी वरून पुट्टी भरली, घासली, प्रायमर मारला, रंगाचे दोन हात दिले. असं काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी पोचा कुठे होता ते त्यांना स्वतःला सापडेना. काका खूश झाले, शेडमध्ये एकटेच नाचले, आणि नाचताना प्रायमरचा डबा लवंडला तरी नाचायचे थांबले नाहीत.

शनिवारी सकाळी त्यांनी केबिन ट्रॅक्टरवर बसवली, चार बोल्ट आवळले आणि काकूंना बोलावलं. काकू हसत आल्या, एकेक पाय उचलत वर चढल्या, सीटवर बसल्या. आणि त्यांनी उजवा हात डोक्यावर नेला. हात टप आतून चाचपडत इकडे गेला, तिकडे गेला. मग खाली आला.

"पोचा कुठंय?"

"काढला," काका छाती फुगवून म्हणाले. "बोटाला लागतोय का बघ."

काकूंनी नजर पुढच्या काचेकडे वळवली. "तो आतून माझ्या डोक्यावर यायचा," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं रोज सकाळी त्याला दोनदा थोपटून मी ट्रॅक्टर सुरू केला. तुम्ही कधी आत बसलाच नाहीत, तुम्हाला काय माहीत." त्या सावकाश उतरल्या. "उद्या तुम्हीच घेऊन जा."

हे अशक्य होतं, कारण काकांना ट्रॅक्टर चालवता येत नव्हता. पण ते बोलायची ही वेळ नव्हती. काकू घरात गेल्या आणि काका तोंडात मारल्यासारखे उभे राहिले. करायला गेले एक आणि झालं भलतंच. तीन महिन्यांची मेहनत, उद्याचा एकच दिवस, आणि तोही त्यांनी स्वतःच्या हाताने ठोकून सपाट केला होता. काकांना रडू आलं. डोळे त्यांनी कापडाने पुसले, आणि कापडाला रंग होता.

हातोडीने नवा पोचा पाडावा असं आधी मनात आलं. पण हातोडीची खूण वेगळी आणि माणसाची वेगळी, हे जन्मभर पत्र्यात घालवलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. काकूंना तर हात लावताच कळलं असतं. काकांनी चार जणांना हाक मारून ट्रॅक्टर शेडबाहेर, वळचणीखाली ढकलून घेतला, त्यांना वाटेला लावलं, शिडी लावली आणि ते छपरावर चढले.

तेवढ्यात मेहुणी अंडी घेऊन आली. वर बघितलं, हातातली टोपली खाली ठेवली आणि शांतपणे आत हाक मारली, "ताई, भाऊजी परत वर गेलेत."

काकू काठी टेकत बाहेर आल्या. "उतरा खाली."

"आधी ऐक," काका म्हणाले. सत्तेचाळीस वर्षं घशात अडकलेलं बाहेर काढताना त्यांना दोनदा खाकरावं लागलं. "उडी नव्हती मारली मी. खांब लांब होता. तू कणीस खात होतीस आणि शीळही घालत होतीस. दोन्ही एकदम कसं जमतंय तेच मी बघत बसलो. पाय कधी घसरला, कळलंच नाही."



"मी आठ वर्षांची होते तेव्हापासून हेच सांगतेय," मेहुणी म्हणाली. ते अर्धंच खरं होतं.

"मग आता वर काय करताय?" काकूंनी विचारलं.

"आता खरी उडी मारतो."

"एका घरात दोन ऑपरेशनं नकोत. उतरा म्हणते ना." असं म्हणताना काकूंच्या ओठांचा कोपरा हलला. मग खांदे हलले. मग त्या काठीवर रेलून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायला लागल्या, आणि काकांना एकवीस वर्षांची, तोंडात मक्याचे दाणे असलेली पोरगी दिसली. ते उतरायलाच वळले होते, अगदी शपथेवर. एक पाय शिडीकडे नेला, पण नजर काही काकूंवरून हलेना.

धडाम असा आवाज झाला. काका टपावर बसलेले होते.

"काही नाही झालं," ते वरून म्हणाले.

काकू आधी त्यांच्याकडे बघत राहिल्या. हात हलतोय, पाय हलतोय, नाक वर आहे, अशी खात्री पटल्यावर त्या केबिनमध्ये चढल्या आणि हात डोक्यावर नेला.

"थोडा डावीकडे आलाय," आतून आवाज आला. "आणि रुंद झालाय."

"माणूसही झालाय."

टपाला आतून दोन थापा बसल्या, त्या काकांना बसल्या जागी जाणवल्या. मग इंजिन धडधडलं, धुराचा एक लोट निघाला आणि काका वर बसलेलेच असताना ट्रॅक्टर चालू लागला. काकूंनी अंगणाला तीन फेऱ्या मारल्या. काका दोन्ही हातांनी टप धरून थांब, थांब म्हणत होते आणि मधेच हसत होते. मेहुणी अंड्यांची टोपली डोक्यावर घेऊन वाटेतून पळत होती. काकू शीळ घालत होत्या.

रविवारी मैदानावर परीक्षक फॉर्म घेऊन आला. इंजिनला पूर्ण गुण दिले, रंगाला दिले, केबिन मूळची आहे हे बघून मान डोलावली. मग शिडीवर चढून त्याने टप बघितला.

"हा पोचा?"

"मूळचा आहे," काकू म्हणाल्या.

परीक्षकाने बोट फिरवलं. रंगाला ताज्या चिरा होत्या. त्याने भुवया उंचावून काकांकडे बघितलं. आजूबाजूला पंचवीस-तीस माणसं जमली होती, त्यातली निम्मी काकांची गिऱ्हाइकं, ज्यांना त्या उडीची गोष्ट तोंडपाठ होती.

"मी पडलो होतो," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दोन्ही वेळेला."

परीक्षकाने थोडा विचार केला आणि पाच गुण कापले. काकूंना तिसरा नंबर मिळाला.

संध्याकाळी परत निघाले तेव्हा काका मडगार्डवर बसले. घर तिथून अर्ध्या तासावर. काकूंनी टपाला दोनदा थोपटलं, दात आवळून क्लच दाबला आणि पहिल्याच चौकात घराकडे न वळता ट्रॅक्टर लांबच्या रस्त्याला घातला.