सुटली म्हण!

आमच्या कामातले किस्से बाहेर कुणाला सांगता येत नाहीत. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मग ते साठत जातात, आणि दुपारी डबे उघडले की एकेक बाहेर पडतो. नाशकातलं आमचं समुपदेशन केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पंखा आणि आम्ही दोघी. मी आणि आमच्या सीनियर शैलाताई. खाली सांगतेय त्यातली नावं बदललीत. बाकी काही बदलावंसं वाटलं नाही.

*

शैलाताईंचा पहिला नियम: मूल बोलायला लागायच्या आधीच त्याला सांगून टाकायचं. "तू बोलशील ते आपल्यातच राहील. पण तुला कोणी त्रास देत असेल, तर मात्र मला ते सांगावं लागेल."

एका आठ वर्षांच्या मुलीने हे नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी मांजरीचंच सांगते."

तीन आठवडे मांजर! मांजर दूध पिते, मांजर पलंगाखाली झोपते. चौथ्या आठवड्यात मांजरीला पट्ट्याने मारलं.

"कोणी गं?"

"मांजरीच्या पप्पांनी."

*

चांदवडकडून एका आईचा फोन आला. पोरीने शाळेतल्या बाईंना सगळं सांगितलं होतं, बाईंनी आम्हाला. आई म्हणाली,

"मॅडम, बोभाटा नका करू. उद्या तिचं लगीन जमायचं नाय!"

शैलाताईंनी शांतपणे विचारलं, "केवढी आहे मुलगी?"

"चौथीला हाय."

फोन ठेवल्यावर ताईंनी डबा तसाच बंद केला. त्या आईचा राग येत नव्हता, हेच जास्त वाईट होतं.

*

एका शाळेत आम्ही तक्रारीसंबंधी गेलो. मुख्याध्यापकांनी आधी चहा मागवला, मग दार लोटून घेतलं.

"मॅडम, एक विनंती. नाव अगदी गुप्त राहिलं पाहिजे."

मला बरं वाटलं. म्हटलं, "सर, काळजीच करू नका. मुलीचं नाव कुठेच येणार नाही."

"मुलीचं नाही हो. शाळेचं!"

*

जबाब घ्यायला महिला पोलीस येतात त्या साध्या कपड्यांत, मूल घाबरू नये म्हणून. एकदा अशाच एक मॅडम फुलाफुलांची साडी नेसून आल्या. पोरगी त्यांच्याशी तासभर छान बोलली. शेवटी आम्ही सांगितलं, की याच पोलीस आहेत.

तिने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मग उद्या घरी येताना पोलिसांचा ड्रेस घालून याल? पप्पा साडीला घाबरत नाहीत."

*

आता माझी चूक.

माझं पहिलं वर्ष होतं. पंचवटीतली अकरा वर्षांची मुलगी, तिला मीनू म्हणू. मी नियमाचं वाक्य म्हणायच्या आतच तिने माझा हात धरला. "आधी तुमच्या आईची शप्पथ घ्या, कोणाला सांगणार नाही म्हणून."

आणि मी घेतली! तिला बोलतं करायची घाई, दुसरं काय.

मीनू बोलली. घरात राहणाऱ्या काकाचं सगळं सांगितलं. त्याने तिलाही आईची शप्पथ घातली होती. कोणाला सांगितलंस तर आई मरेल. मी ते रिपोर्टात लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

बाहेर येऊन शैलाताईंना म्हटलं, "ताई, मी शप्पथ घेतलीय."

"ती तू निस्तर. पोरगी आज त्याच घरी झोपायला जाणार का, तेवढं सांग."

कायद्यानेही पोलिसांना कळवावंच लागतं. पण मला तो कायदा त्या क्षणी आठवलासुद्धा नाही. मी परत आत गेले, मीनूसमोर बसले आणि म्हटलं, "मी शप्पथ मोडतेय गं." मी फोन लावायला उठले.

काकाला अटक झाली. मीनू आईबरोबर मावशीकडे सातपूरला राहायला गेली. दर गुरुवारी केंद्रात यायची, पण माझ्याशी अवाक्षर नाही. शैलाताईंकडे जाऊन चित्रं काढायची, आणि दर दहा मिनिटांनी बाहेर बाकावर बसलेल्या आईला बघून यायची. मला वाटायचं, या पोरीचा माणसांवरचा विश्वास मीच संपवला. घरी जाऊन रडायचे, आणि का रडतेय ते आईलाही सांगता यायचं नाही.

चार महिन्यांनी एका गुरुवारी ती माझ्या दारात उभी राहिली.

"मॅडम, तुमची आई बरी आहे?"

"बरी आहे. का गं?"

"त्यांना काही होणार नाही. तुम्ही फोन लावायला उठलात ना, तेव्हाच मी हळूच 'सुटली' म्हटलं होतं."

लहानपणी आपण सगळेच म्हणायचो की! ज्याने शप्पथ घातली त्याने 'सुटली' म्हटलं, की शप्पथ सुटते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला जवळ घ्यायला गेले, तर ती एक पाऊल मागे सरकली आणि तिने वळून बाकावरच्या आईकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं,

"काकांनी मला घातलेली अजून तशीच आहे. ती त्यांनीच सोडवावी लागते, का तुम्ही 'सुटली' म्हटलं तरी चालतं?"