तुळजाक्कांची बाराखडी

तुळजाक्का कुठल्याही रुग्णाशी उभ्यानं बोलत नसत. एक बुटकं तिपाई स्टूल, तंजावरात त्याला मुक्काली म्हणतात, हातात घेऊन त्या खाटेजवळ येत, ते मांडत, पदर सावरून बसत आणि मगच तोंड उघडत. "उभ्यानं पुसलं की माणूस 'बरं आहे' म्हणतो," त्या सांगत. "बसून पुसलं की खरं सांगतो."

माझ्या बाबांनी पहिल्याच दिवशी त्यांना खरं सांगितलं. "मला इथं मरायला आणलंय, एवढं मला कळतं. उगाच गोड बोलू नका."

"मरायला जागा कशाला शोधावी लागते, राव? ते कुठंही जमतं. इथं दुखणं उतरवायला आणलंय. कुठं दुखतं, बोट ठेवून दाखवा."

बाबा साताऱ्याचे. बँकेच्या तंजावर शाखेत मॅनेजर म्हणून बदली झाली आणि दुसऱ्याच वर्षी कर्करोग मणक्यात पोचल्याचं कळलं. मी तेव्हा कॉलेजात होते. मद्रासच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा कुणीतरी या सहा खाटांच्या वॉर्डविषयी सांगितलं. एका धर्मादाय रुग्णालयाच्या मागच्या अंगाला तो होता, आणि तो चालवायच्या तुळजाक्का. सरकारी इस्पितळातून हेड नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, तंजावरच्याच जुन्या मराठी घराण्यातल्या.

बाबा मॉर्फिन घ्यायला तयार नव्हते. त्याची सवय लागते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

"सवय तुम्हांस दुखण्याची लागली आहे," अक्का म्हणाल्या. "आधी ती सोडवू."

हे औषध त्यांनी कसं मिळवलं, ते मला तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या वर्षांत गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ उघडत होते, दुकानांत नवनवे परदेशी साबण येत होते, पण मॉर्फिनच्या गोळीला परवान्यावर परवाने लागत. अक्कांनी परवान्याच्या कचेरीत अकरा खेपा घातल्या. बाराव्यांदा त्या मुक्काली घेऊनच गेल्या आणि साहेबांच्या दाराशी बसून राहिल्या. दुपारी साहेबांनी बाहेर येऊन विचारलं, "मरणाऱ्या माणसांना एवढं औषध कशाला, अम्मा?"

"मरणारा माणूस मरेपर्यंत जिवंत असतो, सार. आणि जिवंत माणसाला दुखतं."

त्या संध्याकाळी त्या सहीशिक्क्याचा कागद घेऊनच उठल्या.

दर चार तासांनी गोळी, बाबांना दुखो वा न दुखो. "दुखणं दारात यायच्या आधी औषध पोटात पाहिजे," हा त्यांचा नेम. तिसऱ्या दिवशी बाबांनी रसमभात मागून घेतला. चौथ्या दिवशी ते भांडायला लागले, आणि आई पदरानं डोळे टिपत हसली. कारण आमचे बाबा बोलघेवडे. दुखण्यानं मुके झाले होते.

"पुसलं काय म्हणता सारखं? विचारलं म्हणावं. पुसतात ती फरशी."

"आमच्या आज्या पुसतच होत्या. तो शब्द फरशीला नेऊन लावला तुम्ही लोकांनी."

त्या वादात उघड झालं, की अक्कांना मराठी वाचताच येत नव्हतं. घरातली गाणी त्यांनी तमिळ अक्षरांत लिहून ठेवलेली. "शिकवणारं कोणी भेटलं नाही," त्या म्हणाल्या.

"उद्या पाटी आणा," बाबांनी हुकूम सोडला.

मग रोज दुपारी, औषधं देऊन झाली की, साठी उलटलेल्या तुळजाक्का क ख ग घ गिरवू लागल्या. "तमिळमध्ये एका अक्षरात भागतं हो. तुम्ही एका 'क'ला चार पोशाख कशाला घालता?"

"थंडी असते आमच्याकडे," बाबा म्हणाले.

त्या बाबांना 'मास्तर' म्हणू लागल्या. घरचा अभ्यास चुकला तर मास्तर खरोखर रागवत.

तिसऱ्या आठवड्यात दुखणं पुन्हा उसळलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली. बाबांना झोपेची धास्ती वाटली. "जोडाक्षरं राहिलीत. मी झोपूनच गेलो तर?"

"दोन दिवस गुंगी येईल, मग उतरेल. तोवर मी गिरवून ठेवते."

गुंगी खरंच उतरली. बाबांनी जोडाक्षरं पुरी केली. एका दुपारी साताऱ्याहून टपालानं आलेलं शिळं वर्तमानपत्र त्यांनी अक्कांच्या हातात दिलं. अक्कांनी चष्मा चढवला आणि अडखळत, एकेका अक्षरावर पाय रोवत, घाटरस्त्याच्या दुरुस्तीची बातमी सबंध वाचली. 'घाट', 'खड्डे', 'प्रारंभ', सगळं चोख. बाबा डोळे मिटून ऐकत होते. बातमी संपल्यावर त्यांनी एक बोट वर केलं.

"पास."

शेजारच्या खाटेवरच्या तमिळ आजींना त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळा वॉर्डच वाजवू लागला. अक्का पहिलीतल्या मुलीसारख्या लाजल्या.

त्यानंतर चौथ्या दिवशी बाबा गेले. सकाळची कॉफी घेऊन, आईच्या हातात हात देऊन, न कण्हता.

"आपण हरलो, अक्का," आई म्हणाली.

अक्का तिच्या शेजारी बसल्या. "कोण हरलं? दात आवळून आलेला माणूस हसून गेला. येताना रोगी होता, जाताना मास्तर होऊन गेला. याला हरणं म्हणू नका तुम्ही."

आईनं मान वर केली. त्या दिवसानंतर तिनं तो शब्द कधी उच्चारला नाही.

आम्ही साताऱ्याला परतलो. काही महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं. मोठमोठी, ठसठशीत देवनागरी अक्षरं, ओळी किंचित वर चढत गेलेल्या.

"चि. पोरीस आशीर्वाद. खाटा आता दहा जाहल्या. औषध वेळेवर येतं. पापनाशमचे एक आजोबा काल महिन्याभरानं कुशीवर निजले. असे घोरले, असे घोरले, की शेजारच्यानं माझ्याकडे तक्रार केली. मज फार आनंद जाहला."