रतन मिस्त्रीला रोगाचं नाव सांगू नये

विश्रांतवाडीच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी रतन मिस्त्रीचं गॅरेज आहे. माणूस इतका कडू की कारल्याने त्याच्याकडे शिकवणी लावावी. गेली बारा वर्षं मी रोज सकाळी तिथं जाऊन बसतो. माझी नात संस्कृती विचारते, "आबा, तिथं काय मिळतं तुम्हाला?" काय मिळतं म्हणजे? फुकटात एवढी करमणूक अख्ख्या पुण्यात नाही!

रतनचे वडील खडकीच्या कारखान्यात होते. पोरानेही तिथंच चिकटावं असं त्यांना वाटायचं. हा गेला शनिवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे आणि तिथलाच झाला. त्या म्हाताऱ्याचा एक नियम होता, तो रतन आजही पाळतो. गिऱ्हाइकाने रोगाचं नाव सांगायचं नाही, गाडी काय करते तेवढंच सांगायचं. एकदा एक प्रोफेसर आले. "क्लच प्लेट गेलीय," म्हणाले. रतनने पाना त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "मग बदला की." बिचारे पाना धरून दहा मिनिटं उभे! मला हसता हसता चहाचा ठसका लागला.

तर सांगत काय होतो, प्रज्ञेशची गोष्ट. गॅरेजच्या मागे सात मजली सोसायटी आहे, तिचा हा सेक्रेटरी. त्याचं आणि रतनचं पहिल्या दिवसापासून वाकडं. गॅरेजमागच्या भंगारामुळे सोसायटीत उंदीर झाले, सबब गॅरेज हलवावं, असा अर्ज त्याने केला आणि त्यावर सत्तर सह्या घेतल्या. जागा भाड्याची. लेखी तक्रार आली तर कुलूप लावीन, असं मालकाने रतनला आधीच बजावलेलं. म्हणजे तीस वर्षांचं गॅरेज एका कागदावर येऊन ठेपलं होतं.

शनिवारी सकाळी प्रज्ञेश आपल्या पांढऱ्या गाडीतून उतरला आणि कागद पुढे केला.

"ही प्रत. मूळ अर्ज सोमवारी मालकांकडे जाईल. पोच द्या."

"देतो. आधी ती गाडी बंद करा, ऐकवत नाही."

"गाडीला काय झालंय?"

"तुमच्या बेसमेंटचा चढ रोज रडत चढते. उंदरांची कुजबुज ऐकू येते, हे नाही ऐकू येत?"

प्रज्ञेश लालबुंद झाला. "तीन ठिकाणी दाखवलीय. इंजेक्टर साफ केले, फ्युएल पंप बदलला. फ्युएल स्टार्व्हेशन आहे, प्रेशर ड्रॉप होऊन—"

"मराठीत."

"पिकअप जातो."

"अजून मराठीत. गाडी करते काय?"

"अहो, दम लागतो तिला!" प्रज्ञेश ओरडला. "कात्रजला धापा टाकते! झालं समाधान?"

"झालं. दम लागतो म्हणजे हवा मिळत नाही. तुम्ही तीन ठिकाणी पेट्रोल, पेट्रोल करत बसलात, त्यांनी पेट्रोलच बघितलं." रतनने हात पुसले. "चला कात्रजला. माझ्या हातून घाट चढली, तर अर्ज फाडायचा."

"आणि नाही चढली तर?"

"तर मालकाला किल्ली मीच नेऊन देतो. सोमवारपर्यंत कशाला थांबायचं?"

मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी मागच्या सीटवर बसलेलो होतो. असली संधी सोडायची? स्वारगेटच्या सिग्नलला एसी लावायची गरज पडली नाही, दोघांत इतका गारठा.

सपाटीला गाडी झकास पळाली. जुन्या घाटाच्या दुसऱ्या वळणावर मात्र तिचा आवाज घोगरा झाला. रतनने पेडल तळाला लावलं तरी पुढे सरकेना. मागून एसटीवाला हॉर्नवर झोपलेला. एक रिक्षा आम्हाला ओलांडून गेली आणि रिक्षावाला वळून हसला. प्रज्ञेश म्हणाला, "किल्ली तयार ठेवा."

रतनने गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं. हवेच्या फिल्टरची पेटी खोलली.

"तो नवाच आहे," प्रज्ञेश म्हणाला.

"डोळे आहेत मला." रतनने पेटीला बाहेरून हवा आणणारा पाइप सोडवला, तसाच बाजूला केला आणि गाडी चालू केली. काय सांगू, पुढच्या वळणापर्यंत भिंगरीसारखी गेली! मी टाळ्या वाजवल्या. दोघांनीही माझ्याकडे रागाने बघितलं.

मग खाली उतरून रतनने पाइपात बोटं घातली, चाचपलं आणि ओढून एक पुरचुंडी बाहेर काढली. जुन्या पंच्याचं फडकं, आत तंबाखूची पानं. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बॉनेटखाली ठेवतात तशी.

"कितीक ठेवल्या होत्या?"

"सहा," प्रज्ञेश हळू आवाजात म्हणाला. "रोज सकाळी काढतो मी."

"मोजून?"

प्रज्ञेश बोटं मोजायला लागला. अर्जात त्याने लिहिलं होतं, 'रहिवाशांना स्वतः उपाय करावे लागत आहेत.' तो उपाय आता रतनच्या हातात लोंबत होता.

"काढायची राहिलेली ही पाइपाने आत ओढून घेतली. सपाटीला गाडी हळू श्वास घेते, तेव्हा ही आत पडून राहते," रतन म्हणाला. "चढाला जोरात ओढते, की ही जाऊन घशात बसते. दम नाही लागणार तर काय?"

पाइप जागेवर बसवला. गाडी घाटमाथ्यावरच्या बोगद्यापर्यंत एका दमात गेली. तिथं प्रज्ञेश उतरला, बॅगेतून मूळ अर्ज काढला आणि टराटरा चार तुकडे केले. शब्दाचा पक्का निघाला, हे मान्य करायला हवं.

"फाडला. पण उंदीर तुमचेच आहेत."

"असतील. माझ्या एकाही गाडीला तंबाखूचं व्यसन नाही."

परतताना रस्ताभर मीच दोघांना आमच्या शाळेतल्या गुरुजींची एक लांबलचक गोष्ट सांगितली. ऐकली का नाही, कोण जाणे.

सोमवारी मी गॅरेजवर गेलो तर कुलूप नव्हतं. उलट मागे टेम्पो लागलेला आणि रतन स्वतः भंगार भरत होता. मी विचारलं, तर खेकसला, "जागा लागत होती मला." वर बाल्कनीत प्रज्ञेश कॉफीचा मग घेऊन उभा होता आणि सगळं बघत होता. रतननेही मान वर करून त्याला बघितलं. कुणी कुणाला हात केला नाही. मीच दोघांना केला.