कागद डोंगरावर वाचायला लावणाऱ्या देवकाबाई

देवकाबाई भोये यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी त्यांच्याविषयी चार गोड शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची इच्छा आहे. शब्द लिहिते, गोडीची खात्री देत नाही.

आमची पहिली भेट नाशिकच्या एका वातानुकूलित सभागृहात झाली. हवामान बदलावर परिषद होती. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी अशा समारंभांत स्वागताला उभी राहत असे. कॉन्व्हेंटचे इंग्रजी मिरवायला तेवढीच जागा उरली होती. गुडघ्यापर्यंत लुगडे नेसलेल्या, खांद्यावर कापडी पिशवी अडकवलेल्या एक बाई दाराशी आल्या. मी हसून त्यांना रंगमंचामागच्या खोलीकडे नेऊ लागले. चहानंतर ‘आदिवासी नृत्य’ होते ना!

“नाचाया नाय आले बाई, बोलाया आले,” त्या म्हणाल्या. “तुमाला हौस असंल तर तुमी नाचा. मी बसून बघते.”

त्यांना बोलायला पाच मिनिटे मिळाली, तीही निम्मे सभागृह जेवायला उठल्यावर. आधीच्या विद्वानांनी पाणी वाचवण्यावर पाऊण तास घेतला होता. देवकाबाईंनी सांगितले की पेठच्या पलीकडे त्यांच्या पाड्यावरचा झरा होळीलाच आटायचा. बायकांनी झऱ्यावरच्या उतारावर झाडाच्या बुंध्याला कुऱ्हाड लावणे बंद केले, दगडांचे बांध घातले, पाळ्या लावून रान राखले. आता झरा वैशाखापर्यंत वाहतो. ना प्रकल्प, ना उद्घाटन. बहुधा म्हणूनच कोणी वहीत लिहून घेतले नाही.

खाली उतरल्यावर त्या थेट माझ्याकडे आल्या. “तुमाला इंग्रजी येतं ना? एक कागद हाय.”

तो एका कंपनीचा करार होता. कंपनी त्यांच्या डोंगरावर झाडे लावणार, त्या झाडांनी हवा शुद्ध होणार आणि ते पुण्य, कराराच्या भाषेत ‘कार्बन क्रेडिट’, कंपनी दूरदेशीच्या कारखान्यांना विकणार. करार तीस वर्षांचा, इंग्रजीत, बारीक अक्षरांत. मी तो नाशिक रोडच्या घरी, पंख्याखाली बसून वाचला आणि देवकाबाईंना फोनवर सांगितले, “चांगला आहे. पडीक जमिनीवर झाडे लावणार आहेत. सही करायला हरकत नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “आता हितं येऊन वाचा.”

त्यांच्या ग्रामसभेची रीत अशी की ज्या जागेचा कागद, तो त्या जागेवर उभे राहून, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. ही रीत देवकाबाईंनी घालून दिली आहे आणि ती मोडायला कोणाला मुभा नाही. कंपनीचे साहेब शाळेच्या ओसरीत पडदा लावून चित्रे दाखवायला आले होते. त्यांनाही चढावे लागले, चकचकीत बुटांसकट. माझे गुडघे दुखत होते. देवकाबाईंनी माझा हात धरला आणि वरपर्यंत सोडला नाही.

मी वाचू लागले. ओळ ओळ मराठीत सांगत परिशिष्टापर्यंत आले. तिथे गट क्रमांक होते आणि पुढे शब्द होते: ‘वापरात नसलेली, ओसाड जमीन’. ते मोठ्याने सांगून मी मान वर केली. समोर त्याच गटात तीन बायका नागली, म्हणजे नाचणी, कापत होत्या. कडेला कोणाची तरी वरई वाळत होती. खाली झरा दिसत होता, तोही त्याच यादीत. पुढचे कलम होते, झाडाची फांदी तोडायची नाही, जमिनीवर काही जाळायचे नाही. म्हणजे राब बंद. ऐनाच्या फांद्या वाळवून, जाळून, त्या राखेत रोप करायचे, ही इथली शेतीची पहिली पायरी. ती बंद, तर नागलीही बंद.

मी कागद खाली केला. हेच शब्द घरी किती सहज वाचले होते मी!

“वाचा ना बाई,” नागली कापणाऱ्या म्हातारीने हाक दिली. “आमी ओसाड हाओत का कशा, ते तरी कळू द्या.”

हशा पिकला. साहेब मात्र माझ्या कानाशी आले. “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. जरा समजावा ना यांना.”

“इथे अडाणी मी एकटीच आहे,” मी म्हणाले, “आणि माझी शिकवणी आत्ता कुठे सुरू झाली आहे.”

ग्रामसभेने त्याच उतारावर नकाराचा ठराव केला. फोनवर मी सही करा म्हटले होते, हे देवकाबाईंनी आजवर कोणाला सांगितलेले नाही. ते मी इथे सांगते, कारण अशी चूक शिकलेली माणसे रोज करतात आणि त्याबद्दल त्यांचे सत्कार होतात.

पुढे तालुक्याच्या कचेरीत देवकाबाईंचे नाव ‘विकासात अडथळा’ असे झाले. त्याच कचेरीने पर्यावरण सप्ताहाच्या फलकावर, न विचारता, त्यांचाच हसरा फोटो छापला. आम्हा शहरातल्यांचीही तीच तऱ्हा. माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या एसटीने नागलीचे पीठ घेऊन भेटायला आल्या, तर आमच्या सोसायटीच्या रखवालदाराने त्यांना कामवाल्या बायकांच्या दाराने पाठवले. नियम आहे म्हणे. मी सेक्रेटरींशी भांडायला उठू लागले, तर देवकाबाई म्हणाल्या, “निजा तुमी. पाय बरा झाला का तुमच्या फाटकावर बी ग्रामसभा घेऊ.”

आजची परिस्थिती अशी आहे. त्या डोंगरावरच्या सामूहिक वनहक्काचा दावा कचेरीत पडून आहे. कधी नकाशा नाही म्हणतात, कधी साहेब नवे आहेत म्हणतात. दाव्याचा निकाल लागत नाही तोवर डोंगर कागदोपत्री गावाचा नाही, आणि कंपनीची माणसे नवा करार घेऊन पुन्हा फिरू लागली आहेत. त्यांच्या साठीच्या सत्कारात शाल कोणाच्या हस्ते द्यावी यावर सत्कार समितीच्या तीन बैठका झाल्या. दाव्यासाठी कचेरीत जायचे म्हटले की सगळ्यांना त्याच दिवशी कामे निघतात. शाल देऊ नका असे मी म्हणत नाही. पण मोकळ्या हाताने शाल पांघरवणाऱ्यांनी त्याच हाताने एक अर्जही लिहावा.

कचेऱ्या माणूस थकण्याची वाट बघतात, हे मी तीस वर्षे सरकारी खुर्चीत बसून पाहिले आहे. म्हणून देवकाबाईंना मी दीर्घायुष्य चिंतते ते रागाने चिंतते. त्यांचे गुडघे माझ्यासारखे न होवोत, दम शाबूत राहो, आणि दाव्याची फाईल दाबून बसलेल्या प्रत्येक साहेबाच्या निवृत्तीनंतरही त्या तो डोंगर चढत राहोत.

हे त्यांना फोनवर वाचून दाखवले. जागेवर येऊन वाचा, असे या वेळी म्हणाल्या नाहीत.

“चांगलं लिवलं. पण निसतं माझंच आयुष्य नका वाढवू. मी नसले तरी नाय म्हणाया बाया हायत हितं, ते लिवा. साहेब लोकांनी वाचलं पायजे.”

साहेब लोकहो, वाचा.