गौसियाबीचं माप

डोणगावच्या बाजारात गौसियाबीचं पाल भांडीवाल्याच्या मागे, जरा आडोशाला लागायचं. बायकांच्या बाड्या, आतून घालायच्या चोळ्या, विकायच्या म्हटल्यावर आडोसा हवाच. खोक्यांवर गोऱ्यापान, काडीसारख्या पोरींची चित्रं. त्यांच्याकडे बघून आपलं माप कुठल्या बाईला कळणार, कपाळ! आणि आकडा तोंडाने सांगायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मग गिऱ्हाईक गौसियाबीकडेच बघायचं.

"तुमच्यायेवढी द्या," एखादी हळूच म्हणे. दुसरी म्हणे, "तुमच्याहून उलीशीक कमी."

गौसियाबी अंगाने चांगली थोराड. त्या अंगापायी तिला बघायला आलेले चहा पिऊन गेले ते गेलेच, आणि ती भावाच्या घरीच राहिली. पण घरात ज्या अंगाला नावं ठेवली, त्यावरून बाजारात अख्ख्या गावच्या बाया आपलं माप ठरवत. तिला ते फार आवडायचं. बाजाराच्या दिवशी ती मुद्दाम ताठ बसायची.

बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही म्हणता म्हणता ज्या साली बोंडंच्या बोंडं किडली, त्या साली तिच्या छातीत गाठ निघाली. अकोल्याला नेऊन एक बाजू काढावी लागली. भाऊ रहेमतुल्लाने धावपळ केली, पण घरी आल्यावर तो पाऊसपाण्याचं बोले, अळीचं बोले, तिच्या दुखण्याचं सोडून सगळं बोले. भावजय समीना ताट ठेवायची आणि नजर खाली घालून निघून जायची. माणसं वाईट नव्हती, लाजत होती. तिला मात्र भरलं घर खायला उठायचं.

तिने स्वतःसाठी बाडी शिवली. रिकाम्या बाजूला पिंजलेला कापूस भरला तर तो हलका, चढून गळ्याशी यायचा. मग तिने सरकीसकट कापूस भरला, आतून मऊ धोतराचा तुकडा लावला. वजनाने बाडी जागेवर राहिली, आणि गौसियाबी पुन्हा बाजारात बसली.

पण गावात काय झाकून राहतं? बाया यायच्या, तिच्या ओढणीकडे बघून चपापायच्या. आता "तुमच्यायेवढी" कोणत्या तोंडाने म्हणायचं? "पुढच्या बाजारी येतो, बी," म्हणत त्या पुढे सरकायच्या. ती ओळखीच्या चेहऱ्यांची वाट बघत दिवस काढायची.

त्याच हिवाळ्यात कंपनीचा माणूस नवं पोस्टर देऊन गेला. वर लिहिलं होतं, 'प्रत्येक बाईसाठी'. त्यात एक जाडी होती, एक काळी होती, पिकल्या केसांचीही एक होती. चला, उशिरा का होईना अक्कल आली, म्हणून ती हसली. मग पोस्टर जवळ घेऊन तिने प्रत्येकीच्या छातीकडे निरखून पाहिलं. आपल्यासारखी त्यात कोणीच नाही, हे कळल्यावर तिला रडूच आलं. तरी तिने ते टांगलं. धंदा आहे.

त्या दिवशी बाजार मोडता मोडता झुंबरबाई आली. कापूस वेचणारी, सुकलेली बाई. आजवर तिने काही घेतलं नव्हतं. बराच वेळ घुटमळली.

"बी, तुमी आतून काय घालता?"

गौसियाबीचं डोकं फिरलं. "काऊन? तुले काय करायचं हाय?"

झुंबरबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि पदर जरा सरकवला. पोलक्याची एक बाजू चिंध्या कोंबून फुगवलेली होती. "मले चार वर्सं झाली. कोनाले सांगितलं नाई."

गौसियाबीने पालाचा पडदा सोडला. ओढणी काढली, कुर्त्याची बटणं काढली, बाडी उतरवली. कापूस कसा भरायचा, शिवण कुठे घालायची, ती भराभर सांगत सुटली. झुंबरबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती व्रणाकडे बघत होती. बोंडांनी ओरबाडलेली बोटं तिने त्याच्या कडेला अलगद टेकवली.

"दुखते काय वं अजून?"

डॉक्टरांनी टाक्यांचं विचारलं होतं. घरच्यांपैकी हे एकानेही विचारलं नव्हतं.

"हाव," गौसियाबी म्हणाली.