नेटची तार ओढून बघा

आमची सून लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ऑफिस सांभाळते. हे मी ज्याला त्याला सांगतो, कारण पुढचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे लिफ्ट दुरुस्त करते?" आणि मला अर्धा तास बोलायला मिळतो.

तर नाही, लिफ्ट दुरुस्त करणारे निराळे. ऑफिसात माणसं अकरा, खोल्या दोन, खाली वर्कशॉप. कुठल्या इमारतीत कुठली लिफ्ट, तिचं दार कधी बदललं, तिची तपासणी कधी, हे सगळं सूनबाईकडे. ऑफिसात तिला 'डबलताई' म्हणतात, कारण तिच्याकडे प्रत्येक गोष्ट दुहेरी असते. आमच्या घरी आली त्याच आठवड्यात तिने दाराची दुसरी किल्ली करून आणली आणि तिसरी शेजारच्या काकूंकडे ठेवली. मी म्हटलं, "अगं, तीन किल्ल्या कशाला, दार एकच आहे." तर म्हणते, "बाबा, हरवणारी माणसं चार आहेत."

मी त्या दिवसापासून तिच्याशी वाद घालायचा सोडला. म्हणजे घालतो, पण जिंकायच्या इराद्याने नाही.

त्या कंपनीत एक मिस्त्री होते. एकतीस वर्षं नोकरी. गावातल्या एकूण एक लिफ्टचा स्वभाव त्यांना पाठ, आणि तो सगळा खिशातल्या छोट्या वह्यांत उतरवलेला. मला सूनबाईने त्यातलं थोडं वाचून दाखवलं होतं. 'ग्रंथालयाची लिफ्ट: थंडीत तिसऱ्या मजल्यावर दोन बोटं खाली थांबते. घाबरू नये. दहा फेऱ्या मारल्या की सुधारते.' 'दवाखान्याची जुनी लिफ्ट: दार आपटू नये, रुसते.' मी खेड्यातल्या एका खोलीच्या शाळेत शिकलो, चार इयत्ता एकाच मास्तरांच्या नजरेखाली. पण आमच्या मास्तरांनीही आमच्याबद्दल इतकं बारीक लिहून ठेवलं नसेल.

दोन हिवाळे मिस्त्री सांगत गेले आणि सूनबाई कॉम्प्युटरवर उतरवत गेली. शेवटचं पान झालं, आणि मिस्त्रींनी काय करावं? सगळ्या वह्या रद्दीत देऊन टाकल्या. "ताई, यंत्रात आलं ना सगळं, मग घरात पसारा कशाला?" ती दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही.

यंत्रात म्हणजे कुठे, तर क्लाउडमध्ये. आपली कागदपत्रं दूरच्या कुठल्यातरी कंपनीच्या यंत्रांवर ठेवायची आणि इथे बसून उघडायची, लिहायची. मी विचारलं, "ती यंत्रं तुमच्यापैकी कुणी पाहिलीत का?" म्हणाली, "नाही." म्हटलं, "मग देवासारखंच की." ती म्हणाली, "देवाची परीक्षा घेता येत नाही बाबा, बॅकअपची घेता येते." इथून तिच्या डोक्यात बॅकअप, म्हणजे वेगळी राखीव प्रत, शिरला तो शिरलाच.

त्याला कारणही घडलं होतं. आदल्या वर्षी फोन घेणारी मुलगी नोकरी सोडून गेली. रीतीप्रमाणे तिचं ऑफिसचं ऑनलाइन खातं बंद केलं. आता गंमत अशी, की लिफ्टच्या सगळ्या नकाशांचं फोल्डर तिने कधीकाळी आपल्याच खात्यात बनवून इतरांना उघडून दिलं होतं. सगळ्यांना वाटायचं ते ऑफिसचं आहे. खातं गेलं, नकाशे गेले. महिनाभर परत मिळवता येतात म्हणे. यांच्या लक्षात आलं एकेचाळिसाव्या दिवशी. मग दोन माणसं उन्हाळाभर टेप घेऊन इमारती मोजत हिंडली.

आणि आता मिस्त्री निवृत्त होणार होते. पाच आठवडे राहिले होते. त्यांच्या सगळ्या नोंदी त्यांच्याच खात्यात. सूनबाईने त्या ऑफिसच्या नावावर करून घेतल्या, पण तेवढ्याने तिचं समाधान होईना. अकरा जण उघडणार, त्यातला कुणीही एका बोटाने पुसून टाकणार, आणि वह्या तर कधीच रद्दीत गेलेल्या. एकतीस वर्षांची ती एकच प्रत.

मालक म्हणाले, "क्लाउड आहे ना ताई, आणखी काय पाहिजे?"

"साहेब, क्लाउडने आजवर आपलं काही हरवलं नाही. आपण पुसायला सांगितलं, त्याने पुसलं. फार आज्ञाधारक आहे तो."

मालकांनी परवानगी दिली. "पण निवड तुमची. उद्या काही झालं तर मी तुमच्याकडेच बघणार."

हवं होतं ते एक खोकं, जेवणाच्या डब्याएवढं. ऑफिसच्या नेटवर्कला जोडायचं, आत दोन डिस्क, आणि क्लाउडमधलं सगळं रोज त्यात उतरवून घ्यायचं. मी म्हटलं, "दोन डिस्क म्हणजे दोन प्रती. झालं की तुझं काम." तिने मान हलवली. "एक डिस्क मेली तर दुसरी जगते, एवढंच. चुकून पुसलं तर दोन्हीकडून एकदम जातं. मला कालचं वेगळं हवं, परवाचं वेगळं, मागच्या महिन्याचं वेगळं."

मला घेऊनच ती दुकानात गेली. दुकानदार चांगला उत्साही होता. किती मावतं, किती वेगाने मावतं, दिवे कुठल्या रंगाचे, सगळं सांगितलं. ही ऐकून घेते, ऐकून घेते, आणि मग विचारते, "आत टाकायचं कळलं. बाहेर कसं काढायचं?"

"ती वेळच येणार नाही मॅडम."

हिने वही काढली आणि वाक्य लिहून घेतलं.

"हे कशाला लिहिताय?"

"वेळ आली की तुम्हाला वाचून दाखवीन."

त्यानंतर तो आपोआप शहाणा झाला आणि दोन निरनिराळी खोकी आठ-आठ दिवस वापरून बघायला दिली.

पहिलं काळं, चकचकीत, निळे दिवे. मालकांना पाहताक्षणी आवडलं. एका दुपारीत चार हजार फाइल्स उतरल्या, नावंही सगळी बरोबर. मालक म्हणाले, "बघा, काय अवघड होतं?" पण सूनबाईची नजर भलत्याच ठिकाणी. त्या चार हजार फाइल्सची मिळून यंत्राच्या मापात जागा भरली ती माझ्या नातीच्या एका फोटोएवढी.

"साहेब, नेटची तार काढून बघू या."

"भर दुपारी? चार जणांची कामं चालली आहेत."

मिस्त्री चहा प्यायला वर आले होते. ते कप खाली ठेवून म्हणाले, "साहेब, आपण लिफ्टचा ब्रेक कसा तपासतो?"

"हे काय मध्येच?"

"सांगा तर."

"रिकामी लिफ्ट मुद्दाम जोरात पळवतो आणि पकडते का बघतो."

"कागदावर ठीक दिसतंय म्हणून कधी सही केलीत?"

"मिस्त्री, ही लिफ्ट नव्हे."

"म्हणून तर खाली कुणी चिरडायचं नाही. ओढा ताई."

तिने तार ओढली. ग्रंथालयाच्या लिफ्टचं पान उघडायला गेली. पडद्यावर एक चौकट आली: इंटरनेट जोडा. दवाखान्याचं पान, तीच चौकट. शाळेचं, तीच. त्या खोक्याने कागद आणलेच नव्हते, कागद कुठे आहेत त्याचे पत्ते तेवढे आणले होते. म्हणजे चार हजार घरांच्या दारावरच्या पाट्या उतरवून आणाव्यात आणि घरं तिकडेच राहावीत, तसं. उद्या कुणी नोंदी पुसल्या असत्या, तर हातात नुसत्या पाट्या.

हे मला सूनबाईने सांगितलं, मिस्त्रींनी सांगितलं आणि मालकांनीही सांगितलं. तिघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की मालकांच्या सांगण्यात तार ओढायची कल्पना मालकांची आहे.

एकोणीस दिवस राहिले होते. दुसरं खोकं करड्या रंगाचं, दिसायला अगदीच सुमार, आणि चालू झालं की दळण दळल्यासारखा आवाज. पण ते पत्त्यांवर समाधान मानणारं नव्हतं. प्रत्येक कागद आतल्या मजकुरासकट आणि तारखेसकट उतरवून घ्यायचं. क्लाउडवाले मात्र हात आखडून देतात, म्हणून पहिली प्रत यायला पाच दिवस लागले. तेवढे पाच दिवस सूनबाई घरी जेवतानाही भिंतीकडे बघत होती. मुलगा म्हणाला, "अगं, ते काय अंडं उबवतंय का?"

सहाव्या दिवशी सुट्टी होती. मला म्हणाली, "बाबा, चला ऑफिसात. तुमच्यासाठी मोडतोडीचं काम आहे."

काम असं, की मी एक पान पुसायचं आणि मीच ते परत आणायचं. शेजारी तिने सहा ओळींचा कागद चिकटवला होता. "ज्याला यातलं काही येत नाही त्याला जमलं, तर ऑफिसात कुणालाही जमेल." मला राग नाही आला. उलट आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अडाणीपणाला एवढा मान मिळाला. मी दवाखान्याची लिफ्ट पुसली. चौथ्या ओळीवर अडलो, कारण चौथी ओळच चुकली होती. ती तिने सुधारली. अकरा मिनिटांत मंगळवारचं पान जसंच्या तसं समोर. त्यातली सात मिनिटं माझा चष्मा शोधण्यात गेली होती.

हेच खोकं ठरलं. शिवाय महिन्यातून एकदा सगळ्याची प्रत एका सुट्या डिस्कवर आमच्या कपाटात येते. मालकांनी विचारलं, "घरी कशाला?" म्हणाली, "ऑफिसात पाणी शिरलं तर खोक्याला पोहता येत नाही."

मिस्त्रींच्या शेवटच्या दिवशी मीही गेलो होतो. भाषणं झाली, शाल नको म्हणत त्यांनी हातोडी मागून घेतली. मग म्हणाले, "माझं खातं माझ्यादेखत बंद करा." चार वाजता ते बंद झालं. सूनबाईने, कुणी न सांगता, तार ओढली आणि खोक्यातलं ग्रंथालयाचं पान उघडलं. मिस्त्री वाकून वाचत राहिले. वाचून झाल्यावर बराच वेळ सरळ झाले नाहीत. मग म्हणाले, "दोन बोटं नव्हे, दीड."

"आज राहू द्या," मालक म्हणाले.

दीड महिना गेला. एका दुपारी मिस्त्रींचा फोन. ते राहतात त्या इमारतीचीच लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकलेली. आत माणूस नाही, नवा मेकॅनिक वाटेत आहे, आणि त्याला काय सांगावं ते ह्यांना आठवेना. सूनबाईने पान उघडून वाचलं, "दाराच्या रुळाला तेल लावू नये, धूळ चिकटते. कोरड्या फडक्याने पुसावं."

"कुणी लिहिलंय हे?"

"तुम्ही."

"चूक आहे. किंचित तेल लागतं. मी आता रोज घरात बसून तिचा आवाज ऐकतोय, मला नका सांगू."

"मग सांगा, बदलते." तिने बदललं.

"जुनं पुसलंत ना?"

"नाही. खोक्यात तारखेसकट राहील."

"चुकीचं कशाला सांभाळता?"

"तुम्ही पुन्हा मत बदलाल म्हणून."

मग मिस्त्री म्हणाले, "बरं. दवाखान्याचंही उघडा. तिथेही एकदोन गोष्टी माझ्या मनात आहेत."

त्या दिवशी सूनबाई घरी दीड तास उशिरा आली.