नदीकडची खिडकी
शेजारच्या बांधकामावर विटांवर पाणी मारलं, की त्या ओल्या वासाने मला धुळं आठवतं. नव्वदच्या आसपास पांझरेला मोठा पूर येऊन गेला, तेव्हा आमच्या कॉलेजची मुलं काठच्या वस्तीत पडलेली घरं उभी करायला गेली होती. आमच्या गटाकडे एका म्हाताऱ्या अक्कांचं घर आलं. पुरात त्यांचा एकुलता एक मुलगा वाहून गेला होता आणि तेव्हापासून त्या गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात राहत होत्या. नदीकडची भिंत चढायला लागली, तशा त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, “तठे खिडकी नको ठेवा, भाऊ. तठून नदी दिसस.” आमचे सर समजुतीने म्हणाले, “अक्का, हवा नको का यायला?” आणि खिडकी राहिली. आठव्या दिवशी नारळ फोडून आम्ही घर त्यांच्या ताब्यात दिलं. दुसऱ्या सकाळी विसरलेली थापी आणायला गेलो, तर अक्का उरलेल्या विटा आणि चिखल घेऊन ती खिडकी बुजवत होत्या. बोटं सोलून निघाली होती. मी थापी उचलली आणि शेवटची वीट बसेपर्यंत त्यांच्या हाताखाली काम केलं. घरात अंधार झाला. “आता राहाल ना इथे?” मी विचारलं. त्या बुजवलेल्या खिडकीला कान लावून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “खिडकी बुजाई गयी, भाऊ. पन आवाज येसच ना.” आपलं गाठोडं उचलून त्या पुन्हा शाळेच्या व्हरांड्यात राहायला गेल्या.